बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले

बालमित्रांनो, आपल्या शाळेच्या भित्तिपत्रकात दर महिन्याला एका थोर माणसाची माहिती असते. आतापर्यंत राजे झाले, संत झाले, पुढारी झाले, शास्त्रज्ञही झाले. या महिन्यात मी एका पळणाऱ्या माणसाची माहिती लिहिणार आहे. त्यांचे नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले. ते बेळगावचे. १९२० साली ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन नावाची शर्यत ते पळाले आणि त्यात त्यांचा एकोणिसावा नंबर आला.

एकोणिसावा नंबर म्हटल्याबरोबर आमच्या वर्गात सगळी मुलं हसली. एक जण म्हणाला की एकोणिसाव्या नंबरवाल्याची कुठं माहिती लिहितात का. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते मला म्हणाले की तू लिही, आणि का लिहिलंस तेही खाली लिही. म्हणून मी लिहिते आहे.

आधी मॅरेथॉन म्हणजे काय ते सांगते. आमच्या वर्गातल्या एकाला वाटलं की मराठी लोक पळतात म्हणून मॅरेथॉन. तसं नाही. मॅरेथॉन हे ग्रीस देशातल्या एका मैदानाचं नाव आहे. इसवी सनापूर्वी ४९० साली तिथे ग्रीक आणि इराणी लोकांची लढाई झाली. ग्रीक लोक जिंकले. मग एक जासूद ती बातमी घेऊन अथेन्स शहरापर्यंत पळत गेला, बातमी सांगितली आणि तिथेच मेला, अशी गोष्ट सांगतात. त्याची आठवण म्हणून १८९६ साली पहिल्या ऑलिंपिकमध्ये ही लांब पळायची शर्यत ठेवली. ती ४० किलोमीटरची होती. ग्रीसचा स्पिरिडॉन लुईस नावाचा गडी त्यात पहिला आला. तो पाणी वाहून नेण्याचे काम करायचा. आता ही शर्यत ४२ किलोमीटर १९५ मीटर इतकी असते. पण फडेप्पा पळाले त्या वर्षी ती आणखी लांब होती. तेव्हा ती ४२ किलोमीटर ७५० मीटर होती. ऑलिंपिकमधली ती सगळ्यात लांब मॅरेथॉन.

हे अंतर केवढं ते कळावं म्हणून सांगते. पुण्याहून राजगुरुनगर साधारण तेवढंच आहे. यष्टीला सुद्धा दीड तास लागतो, आणि मधे रस्त्यात गर्दी असली तर दोन तास.

आता फडेप्पांविषयी. बेळगाव आज कर्नाटकात आहे, पण त्या वेळी ते मुंबई इलाख्यात होतं. तिथे मराठी आणि कानडी दोन्ही भाषा बोलतात. फडेप्पा, दरेप्पा अशी नावं त्या बाजूला असतात. इंग्रजांचं राज्य होतं. आजच्यासारखी धावपट्टी, शिकवायला प्रशिक्षक, पळायचे बूट असं काही खेड्यापाड्यातल्या पोरांना मिळत नव्हतं. पळायचं ते अनवाणी आणि मातीच्या रस्त्यावर.

मग बेळगावचा माणूस थेट युरोपात पळायला कसा गेला? त्याची गोष्ट पुण्यात सुरू होते.

माझे मामा पुण्याला बुधवार पेठेत राहतात. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले होते. मी मामांना विचारलं की डेक्कन जिमखाना कुठे आहे. ते म्हणाले चल चालत जाऊ. बुधवार पेठेतून लक्ष्मी रस्त्याने सरळ गेलं की अलका टॉकीजचा चौक लागतो. तिथून लकडी पूल ओलांडला, मुठा नदी मागे पडली, की डेक्कन जिमखाना आला. रमतगमत अर्धा-पाऊण तास लागला. आता तिथे नुसती दुकानं, हॉटेलं आणि बसगाड्या आहेत. बसच्या पाटीवर डेक्कन जिमखाना लिहिलेलं असतं, म्हणून लोकांना वाटतं की ते फक्त एका भागाचं नाव आहे. पण डेक्कन जिमखाना ही मुळात खेळाची संस्था आहे. ती १९०६ साली स्थापन झाली. त्या काळी पुणे शहर मुख्यतः नदीच्या अलीकडे पेठांमध्ये होतं आणि पलीकडे बरीचशी शेतं होती. बुधवार पेठ, शनिवार पेठ, सदाशिव पेठ इकडची माणसं पूल ओलांडून पलीकडे खेळ बघायला जायची.

१९१९ साली या जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. जमशेटजी टाटांचे ते थोरले चिरंजीव. विलायतेत शिकत असताना त्यांना खेळांची फार गोडी लागली होती. त्या वर्षी जिमखान्याने पळण्याच्या शर्यती ठेवल्या. त्यात एक शर्यत सुमारे २५ मैलांची होती. २५ मैल म्हणजे ४० किलोमीटर. मॅरेथॉनसारखी शर्यत आपल्याकडेही व्हावी म्हणून ती ठेवली होती. पळायला आलेली बहुतेक शेतकऱ्यांची पोरं होती. शेतात राबणारी, साधी भाकरी खाणारी. पायात काही नाही. रस्ते खडबडीत. दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनाही शर्यती बघायला बोलावलं होतं.

शर्यती संपल्या आणि वेळा बघितल्या तर दोराबजी चकित झाले. युरोपातले शिकवून तयार केलेले धावपटू जेवढ्या वेळात पळतात, त्याच्याशी तुलना करावी अशा या अनवाणी पोरांच्या वेळा होत्या! तेव्हा दोराबजींच्या मनात आलं की ही पोरं ऑलिंपिकला का जाऊ नयेत. तीन धावपटूंचा खर्च मी स्वतः करतो, असं त्यांनी सांगितलं. गव्हर्नर साहेबांनी विलायतेला लिहून परवानगी मिळवायला मदत केली.

याआधी ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ कधी गेला नव्हता. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड नावाचे एकटे गृहस्थ पळाले होते आणि त्यांनी दोन रौप्यपदके मिळवली होती. पण संघ म्हणून कोणी गेलं नव्हतं. १९२० साली पुण्यात निवड झाली आणि पहिला संघ ठरला. सहा खेळाडू निवडले. चार पळणारे आणि दोन पैलवान. पळणाऱ्यांत फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी होते. पैलवानांत नवले आणि शिंदे होते. सहा जणांत आपल्या बाजूची नावं किती आहेत ते मोजून बघा.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. हे सगळे हौशी खेळाडू होते. त्या काळी ऑलिंपिकचा नियमच होता की खेळून पैसे घेतलेला माणूस चालणार नाही. म्हणजे जिंकलं तरी पैसा नाही आणि हरलं तरी नाही. घरचं काम टाकून जायचं, महिनोन्महिने परमुलखात राहायचं, आणि परत आल्यावर पुन्हा आपलं काम धरायचं. आमच्या आजोबांना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, मग ते गेले कशाला? मी म्हटलं, पळायला गेले. आजोबा म्हणाले, लई मोठी हौस म्हणायची.

तेव्हा विमानाने जाता येत नव्हतं. बोटीने जायचं. मुंबईहून निघून सुवेझच्या कालव्यातून विलायतेला पोचायला दोन-तीन आठवडे लागत. बोटीवर ४० किलोमीटर पळणार कुठं? आपल्या खेळाडूंनी आधी इंग्लंडमध्ये काही दिवस सराव केला आणि मग ते बेल्जियम देशात अँटवर्प या शहरी गेले.

बेल्जियम हा लहान देश आहे. १९१४ ते १९१८ या काळात पहिलं महायुद्ध झालं, त्यात त्या देशाची फार नासधूस झाली होती. आपले हिंदी सैनिकसुद्धा १९१४ साली तिथे लढले होते आणि कित्येक तिथेच पडले. सहा वर्षांपूर्वी आपली माणसं त्या देशात बंदूक घेऊन गेली होती, आणि आता हे सहा जण खेळायला गेले. युद्ध संपलं म्हणून त्या ऑलिंपिकमध्ये शांततेची कबुतरं सोडली. पाच कड्यांचा झेंडा ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा तिथेच फडकला. आपला तिरंगा मात्र तिथे नव्हता, कारण देश पारतंत्र्यात होता.

त्याच महिन्यात आपल्याकडे एक दुःखाची गोष्ट झाली. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक मुंबईला वारले. सगळं पुणे शोकात बुडालं. आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी, २२ ऑगस्ट १९२० रोजी, पुण्याच्या शर्यतींतून सुरू झालेली ही गोष्ट अँटवर्पच्या मैदानावर पोचली. त्या दिवशी मॅरेथॉन होती.

हवा थंड होती आणि पाऊस होता. आपल्या माणसाला श्रावणातल्या पावसाची सवय असते, पण तिथला गारठा वेगळा. पुष्कळ देशांचे धावपटू उभे होते. आपले दोघे होते, फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. मैदानातून बाहेर पडायचं, रस्त्याने दूर जायचं आणि परत मैदानात यायचं अशी शर्यत होती.

पुढे हानेस कोलेमेनन नावाचे फिनलंडचे धावपटू होते. ते मोठे नावाजलेले होते. १९१२ सालच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी तीन सुवर्णपदके मिळवली होती. पण कामाने ते गवंडी होते, विटा रचायचे. त्यांच्या मागोमाग एस्टोनिया देशाचे युरी लॉसमन होते. शेवटपर्यंत चुरस झाली. कोलेमेनन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिले आले आणि लॉसमन त्यांच्यामागे फक्त १३ सेकंदांनी आले. तिसरे इटलीचे व्हालेरिओ आरी आले. त्यांना इतका आनंद झाला की एवढं पळूनसुद्धा त्यांनी मैदानात कोलांट्या मारल्या!

सदाशिव दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. त्या दिवशी आणखीही कित्येकांना ती पुरी करता आली नाही. पण फडेप्पा पळत राहिले. मैदानात परत आले आणि त्यांनी शर्यत पुरी केली. त्यांचा नंबर एकोणिसावा आला. वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. ऑलिंपिकची मॅरेथॉन पुरी करणारे ते पहिले भारतीय.

आता आमच्या वर्गाने काय केलं ते सांगते. गुरुजींनी फळ्यावर गणित घातलं. ४२ किलोमीटर ७५० मीटर अंतर आहे. एक किलोमीटर जर ४ मिनिटांत पळलं तर सगळ्याला किती वेळ लागेल? आम्ही गुणाकार केला. उत्तर आलं १७१ मिनिटे. म्हणजे २ तास ५१ मिनिटे. फडेप्पांना त्याहून १५ सेकंद कमीच लागले. याचा अर्थ ते दर किलोमीटर चार मिनिटांच्या आत पळाले. एक नाही, दोन नाही, बेचाळीस किलोमीटर आणि वर पाऊण.

मुलं म्हणाली चार मिनिटं म्हणजे काही फार जोरात नाही. मग गुरुजी आम्हांला रस्त्यावर घेऊन गेले. आमच्या शाळेजवळ एक किलोमीटरचा दगड आहे आणि दुसरा दगड ओढ्यापलीकडे आहे. सातवीतला सगळ्यात चपळ मुलगा पळाला. गुरुजी घड्याळ घेऊन सायकलवर बरोबर गेले. त्याला ४ मिनिटे ५० सेकंद लागले, आणि दुसऱ्या दगडाला हात लावून तो खालीच बसला. मी पळाले तर मला साडेसहा मिनिटे लागली. ओढ्याच्या चढावर माझ्या कुशीत कळ आली. एकोणिसाव्या नंबराला जो हसला होता तोही पळाला. त्याला सात मिनिटे लागली. नंतर पाणी पिताना तो म्हणाला की अजून एक्केचाळीस दगड राहिले की. मग कोणीच हसलं नाही.

आमच्या पटांगणाची एक फेरी १०० मीटरची आहे. मी भागाकार केला. अँटवर्पची शर्यत म्हणजे आमच्या पटांगणाच्या चारशे साडेसत्तावीस फेऱ्या होतात.

आता पुढचं सांगते. त्या ऑलिंपिकमध्ये आपल्याला एकही पदक मिळालं नाही. पैलवान शिंदे कुस्तीत चौथे आले, थोडक्यात पदक हुकलं. पण या सहा जणांच्या जाण्याने वाट पडली. १९२४ साली पॅरिसला आपला मोठा संघ गेला. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे देश स्वतंत्र झाला. १९५२ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी येथे ऑलिंपिक भरलं. तिथे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचं एकट्या खेळाडूने मिळवलेलं ते पहिलं पदक.

त्या हेलसिंकीच्या मैदानावर ऑलिंपिकची ज्योत कोणी पेटवली माहीत आहे का? पाव्हो नुर्मी या मोठ्या धावपटूने आधी मैदानातली पेटवली आणि वर मनोऱ्यावरची ज्योत हानेस कोलेमेनन यांनी पेटवली. तेच कोलेमेनन, ज्यांच्या मागून आपले फडेप्पा अँटवर्पच्या पावसात पळाले होते. खाशाबांचं नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि ते चांगलंच आहे. पण त्यांच्या आधी बत्तीस वर्षं आपल्याच बाजूची माणसं बोटीत बसून गेली होती, हे आमच्या वर्गात कोणालाच माहीत नव्हतं.

आता तर पुण्यात १९८३ सालापासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. परदेशचे धावपटू आपल्याकडे पळायला येऊ लागले. खेड्यातल्या मुलीही पुढे आल्या. नाशिककडच्या कविता राऊत २०१६ साली ब्राझीलच्या रिओ शहरी ऑलिंपिकची मॅरेथॉन पळाल्या. साताऱ्याकडच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर त्याच ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत गेल्या आणि दहाव्या आल्या. माझी आई म्हणते माण तालुक्यात पाण्यासाठी बायकांना लांब लांब जावं लागायचं, तिथली पोर पळणार नाही तर कोण.

गुरुजींनी का लिहिलंस ते लिही असं सांगितलं होतं. ते आता लिहिते.

आमच्याकडे स्पर्धा झाल्या की पहिल्या तीन नंबरांची नावं वहीत लिहितात. चौथ्यापासून पुढं कोणाचंच नाव लिहीत नाहीत. शर्यत पुरी झाली की नाही हेसुद्धा कोणी बघत नाही. म्हणून तिसरा नंबर गेला की पुष्कळ मुलं मधूनच बाजूला होतात आणि चालत येतात. मी पण बघितलंय. त्यांना वाटतं आता पळून काय उपयोग.

पण अँटवर्पमध्ये एकोणिसाव्या माणसाची वेळ कोणीतरी लिहून ठेवली. नुसती २ तास ५० मिनिटे नाही, पुढचे ४५ सेकंदसुद्धा, आणि त्याच्या पुढचे पॉइंट चारसुद्धा. पाऊस पडत होता, पहिला नंबर येऊन अठरा मिनिटं होऊन गेली होती, तरी घड्याळ घेऊन एक माणूस तिथे उभा होता. त्याने लिहिलं म्हणून शंभर वर्षांनंतर आम्हांला फळ्यावर गणित करता आलं. आणि फडेप्पांना पदक मिळणार नाही हे त्यांना रस्त्यातच कळलं असणार. पुढे अठरा जण गेलेले होते. तरी ते दर किलोमीटरला चार मिनिटांच्या आत पळत आले. म्हणून मला ते थोर वाटतात.

मी हे गुरुजींना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण मागच्या शनिवारी आमच्या शाळेच्या स्पर्धा झाल्या तेव्हा त्यांनी खुर्ची टाकली, घड्याळ घेतलं आणि चौथीच्या ८०० मीटर शर्यतीत शेवटच्या मुलीपर्यंत सगळ्यांची वेळ लिहिली. आठ फेऱ्या होत्या. अकरा जणी पळालो. माझा सहावा नंबर आला. शेवटची मुलगी आली तेव्हा पटांगणात कोणी नव्हतं, फक्त गुरुजी आणि आम्ही दहा जणी. तिचं नाव आणि वेळ वहीत आहे. अकराही जणींनी शर्यत पुरी केली. असं आमच्या शाळेत पहिल्यांदाच झालं.

तर बालमित्रांनो, हे वाचून झाल्यावर पटांगणावर जा. चारशे साडेसत्तावीस फेऱ्या आहेत. त्यातली एक तरी मारून बघा, आणि फडेप्पा चौगुले यांचं नाव लक्षात ठेवा.

इयत्ता ४ थी